आजोबा उभे राहिले

पित्सुलाक उठून उभी राहिली तेव्हा शाळेच्या सभागृहात कुणी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ध्रुवाजवळच्या या बर्फाळ गावात दक्षिणेतून विमानाने आलेले सरकारी साहेब सांगत होते, की शाळेतला सकाळचा नाश्ता या हिवाळ्यापासून बंद होईल. गावाच्या परिषदेने फक्त होकार द्यायचा. परिषदेचा अध्यक्ष इनूकी तो द्यायच्या बेतातच होता. साहेबांशी वाकडं घेऊन गावाचं कधी भलं झालं नव्हतं.

"मला बोलायचंय," पित्सुलाक म्हणाली. शाळकरी पोर, पण आवाज खणखणीत.

"खाली बस गं," इनूकी म्हणाला. "मोठी माणसं बोलतायत."

पुढच्या रांगेत त्याची आई, ऊलायुक म्हातारी, सीलच्या कातड्याचा बूट शिवत बसली होती. तिची सुई थांबली. ही पोर जन्मली तेव्हा म्हातारीच्या मेलेल्या वडिलांचं नाव तिला दिलं होतं, आणि इकडे नाव आलं की माणूसही आलाच. तेव्हापासून म्हातारी तिला बाबा म्हणायची, सीलच्या काळजाचा मऊ तुकडा आधी तिच्या पुढ्यात ठेवायची.

"इनूकी, आजोबांना खाली बस म्हणतोस? हेच शिकवलं का मी तुला?"

सभागृहात खसखस पिकली. इनूकी ओशाळला. लहानपणापासून पाळलेली रीत ती, मोडणार कशी? त्याने मुकाट्याने माइक पुढे केला.

"बोला, आजोबा."

पित्सुलाक बोलली. दुकानातल्या दुधाला हात लावायची सोय नाही. समुद्र गोठायला उशीर होतो, शिकारी रिकाम्या हातांनी परततात. तिचा धाकटा भाऊ शाळेत जातो तोच मुळी वाटीभर लापशीसाठी.

"आम्ही भीक मागत नाही. पोरांना उपाशीपोटी बाकावर बसवायचं आणि वर त्यांनाच ढ म्हणायचं, हे चालणार नाही. नाश्ता बंद होणार नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मुलीच्या भावना समजतात, म्हणाले. तेवढा परिषदेचा होकार मिळाला की निघता येईल.

इनूकीने आईकडे पाहिलं. म्हातारी पुन्हा शिवायला लागली होती.

"साहेब, विमान ताटकळत ठेवू नका," तो म्हणाला. "आमचे आजोबा नाही म्हणालेत. त्यांच्यापुढे हो म्हणणारा मी कोण?"