सतरावा दात

बाबांनी तिच्या हातातली कानस हिसकावली आणि तिच्याच बोटांवर हाणली.

"माझ्या फणीला हात लावतेस?"

फणी म्हणजे संगीतपेटीतली वीतभर पोलादी पट्टी, साठ दातांची. पेटीला किल्ली दिली की रूळ फिरतो, रुळावरचे खिळे एकेक दात उचलून सोडतात आणि चाल वाजते. एक दात बेसूर निघाला तरी सगळी चाल लंगडी पडते. दात सुरात आणण्यात बाबांचा हात धरणारा कोणी नव्हता. बाजारात सगळे त्यांना उस्तादच म्हणत.

"सतरावा उतरलाय, बाबा," बोटं काखेत दाबून ती म्हणाली.

"काय?"

"सतरावा! उतरलाय!"

"ओरडतेस कुणावर? मी काय बहिरा आहे?"

नको तो शब्द त्यांच्याच तोंडून निसटला. मग त्यांनी तिचे केस धरले आणि तिला कपाटावर आदळलं. वरचे रूळ धडाधड खाली आले. तिची भुवई फुटली.

"किती फण्यांना हात लावलास माझ्या मागे?"

ती त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "आठ महिन्यांतल्या सगळ्या. नाहीतर एकूण एक परत आल्या असत्या."

बाबांनी हातोडी उचलली. ती फणीवर पडणार होती की तिच्यावर, हे तिला कळलं नाही, आणि कळेपर्यंत ती थांबलीही नाही. तिने त्यांचं मनगट पकडलं, सगळं अंग टाकून टेबलावरच्या शिकंज्यात दाबलं आणि दांडा फिरवून तो आवळला. हातोडी खाली पडली. बाबांनी मोकळ्या हाताने तिच्या तोंडावर ठोसा मारला. तिने दांड्याला आणखी अर्धा फेरा दिला. बाबा किंचाळले.

फणी लाकडी ठोकळ्यावर आवळलेली होती. तिने ठोकळ्याचं टोक त्यांच्या तोंडाशी नेलं.

"चावा."

ते थुंकले. तिने बोटं घालून जबडा उघडायला पाहिलं, तर त्यांनी बोटच चावलं, रक्त निघेपर्यंत. तिने त्यांचं नाक दाबून धरलं. श्वासासाठी तोंड उघडताच ठोकळा आत सारला आणि खालून हनुवटी दाबली.

मग नखाने सोळावा दात छेडला.

बाबांची धडपड थांबली. जे कान पोचवत नव्हते ते जबड्याच्या हाडातून थेट डोक्यात शिरलं होतं. त्यांचे डोळे विस्फारले. तिने पुन्हा सोळावा छेडला, आणि लगेच सतरावा.

बाबांच्या कपाळावर आठी उमटली. बेसूर ऐकला की उमटायची तीच. कित्येक दिवसांत ती तिने पाहिली नव्हती.

तिने हनुवटी सोडली. त्यांनी ठोकळा जिभेने बाहेर ढकलला.

"उतरलाय," ते म्हणाले. खूप हळू.

तिच्या भुवईचं रक्त टेबलावर ठिबकत होतं. शिकंज्यातला त्यांचा हात काळानिळा पडत चालला होता.

"हात सोड आता."

"उरलेले त्रेचाळीस आधी ऐका," ती म्हणाली आणि ठोकळा पुन्हा उचलला.

बाबांनी आपणहून तोंड उघडलं.