मावळतीचा रंग

मंगळावरच्या जमिनीखालच्या वस्तीत घरांना खिडक्या नव्हत्या. खिडकीच्या जागी भिंतभर वेबपेज असायचं. नऊ वर्षांची चारुता आज आपलं पहिलं पेज लिहीत होती. उद्या आजोबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं आणि दृष्टी राहीलच असं डॉक्टर म्हणाले नव्हते. त्याआधी तिला त्यांच्या पृथ्वीवरच्या गावाची, हर्णैची संध्याकाळ त्यांना दाखवायची होती.

"एका वेळी एकच ओळ लिही," आजोबा म्हणाले. "घाई केलीस की चूक सापडत नाही."

तिने एडिटरमध्ये समुद्र लिहिला, लाटा लिहिल्या, बुडता सूर्य लिहिला आणि 'चालवा' दाबलं. भिंत उघडल्यासारखी झाली. पाणी हललं. निळ्या उजेडात सूर्य पाण्याला टेकला.

आजोबा खुर्चीतून पुढे वाकून आभाळाकडे निरखून बघू लागले.

"चुकलं का?"

"चारू, तिकडे मावळतीचं आभाळ तांबडं असायचं."

"काहीतरीच. तांबडं तर दुपारी असतं, मावळताना निळं." वर जाऊन तिने दोनदा स्वतः पाहिलं होतं.

"ते इथे, मंगळावर."

तिचा विश्वास बसला नाही. तरी तिने रंगाची ओळ शोधली, एक शब्द खोडून दुसरा लिहिला आणि पुन्हा 'चालवा' दाबलं.

खोली तांबूस उजेडाने भरून गेली. आजोबांचे पांढरे केस पेटल्यासारखे दिसले. चारुताने आपले हात त्या उजेडात धरले. ते तिला आपले वाटेनात. एका शब्दाने एवढं होतं?

तेवढ्यात एक लाट भिंतीच्या कडेपर्यंत आली, आणि आजोबांनी हळूच पाय वर घेतले.