पोथीतलं पान

१९५३ साली मी नागपुरात परिभाषेच्या कचेरीत होतो, इंग्रजी शब्दांना देशी शब्द शोधायच्या कामावर. माझ्या वाट्याला जहाजांचे शब्द आले. अंबाझरीच्या तळ्याहून मोठं पाणी मी पाहिलेलं नव्हतं. ‘सुकाणू’ मुळात अरबी, म्हणून साहेबांनी खोडला. मग मी ‘नौवल्गा’ जुळवला, म्हणजे नावेचा लगाम. पण साहेबांना त्याला जुना संस्कृत आधारही हवा होता.

“लिहून दे ना गा बाबन, एखाद्या पोथीचं नाव,” शेजारच्या टेबलावरचा ईश्वरदास म्हणाला. “कोन पाहाले जाते?”

मी सगळ्यात जाड पोथीचं नाव लिहिलं. कोश छापून आला, साहेबांनी पाठ थोपटली. चार दिवस मन खात राहिलं, मग विसरलो.

दोन वर्षांनी उमरेडच्या एका शास्त्रीबुवांच्या नातीचं पोस्टकार्ड आलं. शाळकरी अक्षर होतं.

“आजोबांनी ती पोथी दोनदा वाचली, ‘नौवल्गा’ सापडला नाही. चूक आपल्याच डोळ्यांची, असे ते म्हणतात.

आता त्यांना मुळीच दिसत नाही, म्हणून तिसऱ्यांदा मी वाचून दाखवते आहे. कृपया पान कळवावे.”