चटणीतला गुण

क्रांती चौकातल्या डॉक्टरनं रक्तातल्या चरबीची गोळी सुरू केली अन् मुंजाबाची भूकच चेकाळली. ताटावर बसला की म्हणायचा, "वाढ गं तर्री, गोळी घेतलीय ना!" बायको बानाबाई पार जेरीस आली. "औषध हाय ते, मटण खायचा परवाना नाय!" ती कडाडायची. म्हातारा वर आणखी नळी मागायचा.

शेवटी एका सकाळी तिनं ठणकावलं, "डॉक्टरनं गोळी बंद केली. आता तोंड सांभाळा, नायतर जीवानिशी जाल."

मुंजाबा असा टरकला की तेलाच्या थेंबाकडं बघेना. भाकरी, पालेभाजी आणि बायकोच्या हातची कडसर कारळाची चटणी, एवढंच खायचा.

पुढच्या तपासणीत रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. म्हातारा मिशीला पीळ देत सुनेला म्हणाला, "बघ रत्नमाला, गोळीबिळी सब झूट. माणसानं मनावर घ्यावं लागतं. सांग तुझ्या सासूला!"

"व्हय, लई मोठे मनावर घेणारे," असं पुटपुटत बानाबाईनं खलबत्ता पुढ्यात ओढला आणि रोजच्यासारखी त्याची गोळी चटणीत कुटायला घेतली.