समोरच्या खिडकीतलं पुस्तक

“ह्याचं सगळ्यात चांगलं काय, तर तुम्ही काय वाचताय ते शेजारच्यालासुद्धा कळत नाही,” दुकानातली बाई म्हणाली.

“मग उपयोग काय त्याचा?” हिस्केनं विचारलं.

तिच्या मुलीनं, फेम्केनं, कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. सकाळपासून आईनं चार ई-रीडर नापास केले होते. पहिला फार मोठा, दुसरा फार छोटा, तिसऱ्याचा उजेड डोळ्यांवर येतो आणि चौथ्याची पाठ नुसती करडी. पाठीशी काय घेणंदेणं, हे फेम्केला कळेना. एकाहत्तराव्या वर्षी आईला बारीक अक्षर दिसत नव्हतं. मोठ्या अक्षरांची लायब्ररीतली पुस्तकं विटेसारखी जड, आणि आईचं मनगट दुखरं. यंत्राशिवाय वाचन बंद, हे डॉक्टरसुद्धा सांगून चुकले होते. तरी नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

खरं कारण हिस्केला सांगता येत नव्हतं. खरं कारण समोरच्या घरात राहत होतं.

नेदरलँड्समधल्या हार्लिंगेन गावातली त्यांची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्याची कॉफी काळी आहे की दुधाची, तेही दिसावं. खिडक्यांना पडदे होते, पण शोभेला. दिवसा पडदा ओढला तर घरात लपवण्यासारखं काहीतरी आहे, असा अर्थ व्हायचा. पडदा ओढायचा नाही हा एक नियम, आणि दुसऱ्याच्या खिडकीत बघायचं नाही हा दुसरा. बघत सगळेच होते. कबूल कुणी करत नव्हतं.

नवरा गेल्यापासून हिस्के रोज चार वाजता खिडकीशी वाचत बसायची. समोरचा गेर्लोफही एकटाच. जन्मभर कालव्यावरचा पूल बोटींसाठी उघडला-मिटला आणि निवृत्त झाला. चार वर्षांपूर्वी तिच्या लक्षात आलं, की आपण लायब्ररीत परत केलेलं पुस्तक आठवड्याभरात समोरच्या खिडकीत दिसतं. योगायोग असेल, म्हणून तिनं एकदा तान्ह्या बाळाचे मोजे विणायचं पुस्तक मुद्दाम उभं धरलं. पुढच्या बुधवारी गेर्लोफ तेच पुस्तक कपाळाला आठ्या घालून वाचत होता. एकही पान त्यानं गाळलं नाही.

तेव्हापासून हिस्केनं पुस्तक मांडीवर ठेवून वाचणं सोडलं. मुखपृष्ठ काचेकडे करून, हात उंच धरून वाचायची. मनगट गेलं ते त्यानंच. रस्त्यात भेटले की दोघं हवेवर बोलत आणि आपापल्या दाराकडे वळत. पुस्तकाचं नाव काढलं असतं, तर मी तुमच्या घरात बघते, असं तोंडानं म्हटल्यासारखं झालं असतं. चार वर्षं ती एका माणसाच्या सोबतीनं वाचत होती. ती सोबत आता एका करड्या पाठीपायी संपणार, ह्या विचारानं तिला दुकानात उभ्या उभ्या रडू यायला लागलं.

फेम्केला वाटलं, आई दमली. तिनं चौथाच बांधून घेतला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता हिस्के यंत्र घेऊन खिडकीशी बसली. अक्षरं टपोरी दिसत होती, मनगटही दुखत नव्हतं, आणि डोक्यात एक ओळ शिरत नव्हती. समोर गेर्लोफनं मान वर केली. चष्मा पुसला. मग काच पुसली. त्याच्या पुढच्या दिवशी त्यानं काच बाहेरूनही पुसली, आणि पुसता पुसता तिच्या खिडकीकडे दोनदा बघितलं. तिसऱ्या दिवशी तो हातात काहीच न घेता बसून राहिला. चौथ्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी होती.

पाचव्या दिवशी चारला तिच्या दाराची घंटा वाजली.

त्या गावात न ठरवता कुणी कुणाकडे जात नाही. फेम्केसुद्धा आधी फोन करून वार ठरवते. हिस्केनं जरा घाबरतच दार उघडलं. दारात गेर्लोफ उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला. हातात तिच्या यंत्रासारखंच यंत्र होतं, खोक्यातून नुकतंच काढलेलं.

“तुमच्यासारखंच आणलं,” तो म्हणाला. “पण आता आत काय वाचायचं ते मला तिकडून दिसत नाही.”

चार वर्षांत कुणी बोललं नव्हतं ते तो उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलून गेला होता. हिस्केला हसू आवरेना. मोजे जमले का, एवढंच तिनं विचारलं. एक जमला, असं तो म्हणाला. तिनं त्याला आत घेतलं.

कॉफीबरोबर एक बिस्कीट दिलं की डब्याचं झाकण लावायचं, ही तिची जन्माची सवय. आज झाकण टेबलावरच राहिलं. दोन खुर्च्या जवळ आल्या आणि दोन डोकी एका यंत्रावर वाकली. समोर गेर्लोफची खुर्ची रिकामी, इकडे हे असं. गल्लीला तेवढं पुरे होतं. कोपऱ्यावरची याकोबा तिसऱ्यांदा कुत्र्याला फिरवून नेत होती.

हिस्के उठली आणि तिनं पडदा ओढला. चाळीस वर्षांच्या घड्यांमधली धूळ दोघांच्या अंगावर पडली.

दहा मिनिटांत फेम्केचा फोन आला.

“आई, याकोबा म्हणते दिवसाढवळ्या पडदा ओढलायस. बरं नाही का तुला? काय करतेयस?”

गेर्लोफनं न विचारता तिसरं बिस्कीट घेतलं.

“काही नाही गं,” हिस्के म्हणाली. “वाचतेय.”