सगळ्यात जाड दोरी

नवराबायको मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिरले आणि दुकानदाराने चटकन हिशेबाच्या वहीत डोकं घातलं. नवऱ्याच्या हातात रॉड होता आणि त्याच्या रिळावरून तुटलेली दोरी लोंबत होती. "कुठल्याही माशाला चालेल, अगदी ट्यूनालासुद्धा," असं छातीठोकपणे सांगून हा संच दुकानदारानेच त्यांच्या गळ्यात मारला होता.

"वासराएवढा ट्यूना होता हो!" नवरा कडाडला. "ऐन वेळी तुमच्या दोरीनं दगा दिला. आता सगळ्यात जाड असेल ती काढा."

दुकानदाराने जाड दोरीचा खोका काढला. नवरा नवे रॉड बघायला पलीकडे गेला, तशी बायको काउंटरवर वाकली.

"तुमचे उपकार कसे फेडू, भाऊ? सैल दोरीचा वेढा यांच्या पायाला बसला होता. मासा सुसाट सुटला, हे फरफटत होडीच्या काठाशी गेले. अर्धे बाहेर होते, तेव्हा तुटली ती." तिने डोळे पुसले, मागे वळून बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"रिळावर परत तीच, आधीचीच बारीक दोरी भरा. यांना चष्म्याशिवाय जाड-बारीक काही कळत नाही. खोका तेवढा जाड दोरीचा दाखवा."