फाटकासमोरची खानावळ

आईला निरोप देऊन आम्ही स्मशानातून बाहेर पडलो, तेव्हा बाबा फाटकाला धरून थांबले. ती गेल्यापासून त्यांनी पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. फाटकासमोरच एक छोटी खानावळ होती. निदान टेकतील तरी, म्हणून मी त्यांना आत नेलं. मालकीणबाईंनी न विचारताच मऊ भात आणि भाज्यांचा वाफाळता रस्सा आणून ठेवला.

"नको गं, घास उतरणार नाही," बाबा म्हणाले. तरी माझ्या समाधानासाठी त्यांनी एक घास घेतला. मग दुसरा. मीही चाखला. इतकं चविष्ट मी कधीच खाल्लं नव्हतं.

"तुझी आई असती तर आत जाऊन विचारून आली असती, रस्सा कसा केला ते," बाबा म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं. रडून झाल्यावर त्यांनी आणखी भात मागून घेतला.

निघताना मी बाईंचे हात हातात घेतले. "मावशी, बाजारात खानावळ टाकलीत तर रांगा लागतील. इथे कशाला?"

"बाजारात भुकेली माणसं येतात गं," त्या म्हणाल्या, "त्यांना काहीही गोड लागतं. चवीची गरज इथे आहे."